शेपूट पुसलं का?

श्रीकृष्ण भोईर यांच्या निधनाची बातमी आमच्या दैनिकात सहा ओळींची छापून आली. मी आठ ओळी दिल्या होत्या. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. त्यामुळे महत्त्वाचे ते वर घ्यायचे आणि खाली असे काही ठेवायचे की गेले तरी चालेल. मी तसेच केले होते. वय, चिखलोलीचे रहिवासी, उल्हासनगरात अनेक वर्षे संगणकाचा क्लास, पश्चात एक मुलगी, हे वर होते. शेवटच्या दोन ओळींत त्यांनी आजारी पत्नीसाठी तयार केलेल्या प्रोग्रामचा उल्लेख होता. त्या दोन ओळी गेल्या.

भोईर सर असते तर त्यांनी तक्रार केली नसती. एवढेच विचारले असते, "शेपूट नीट कापलंत ना?"

शेपूट हा त्यांचा शब्द. तो मी प्रथम ऐकला तो उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, चेन आणि बटणांच्या एका दुकानावरच्या माळ्यावर. आमचे कार्यालय तेव्हा संगणकावर जात होते आणि बातमीदारांनी महिनाभर कुठेतरी शिकून यावे असा आदेश निघाला होता. माळ्यावर आठ संगणक होते. आठही पडदे काळे, त्यांवर फक्त अक्षरे. चित्र नाही, रंगीत खिडक्या नाहीत, माऊसही नाही. संगणकाच्या भाषेत त्याला टर्मिनल म्हणतात. सर त्याला पाटी म्हणत.

पहिल्या आठवड्यात ते प्रत्येकाला एकच काम देत. दहापासून शून्यापर्यंत आकडे उलटे मोजून दाखवायचे, पण एकाखाली एक नाही. सगळे आकडे एकाच जागी बदलताना दिसले पाहिजेत, लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा बदलतो तसे. त्यासाठी कर्सर, म्हणजे पुढचे अक्षर जिथे उमटणार ती लुकलुकणारी खूण, दर वेळी ओळीच्या सुरुवातीला परत न्यायची आणि जुन्या आकड्यावर नवा लिहायचा. सोपे वाटते. माझ्या पडद्यावर दहा आले, मग नव्वद आले, मग ऐंशी, मग सत्तर.

सर मागे येऊन उभे राहिले.

"पत्रकार, दहानंतर नव्वद? कुठल्या शाळेत होतात?"

"सर, मी नऊच लिहिलंय."

"तुम्ही नऊच लिहिलंत. वाचणाऱ्याला नव्वद दिसलं. मग खरं काय?"

त्यांनी पडद्यावर पेन्सिल टेकवली. दहामधल्या एकावर माझा नऊ बसला होता. शून्य जिथल्या तिथे होते.

"मागच्या आकड्याचं शेपूट राहिलं. नवीन लिहिण्याआधी ओळ शेवटपर्यंत पुसायची. पुसल्याशिवाय लिहिणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही."

वर्गातल्या प्रत्येकाने ही चूक केली. त्यांनी ती प्रत्येकाला करू दिली. आधी सांगून टाकले असते तर वेळ वाचला असता, पण ते सांगत नसत. पुढे कोणीही, काहीही करून दाखवले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. शेपूट पुसलं का?

ते बुटके होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल आणि खोडरबर. सोबत कायम चौकटीची वही. पडदा ऐंशी घरे रुंद आणि पंचवीस ओळी उंच, म्हणून वहीच्या पानावरही तेवढीच चौकट आखलेली. प्रोग्रामला हात लावण्यापूर्वी ते पूर्ण पडदा वहीत काढत, एका घरात एक अक्षर. "अक्षर कोणतं ते नंतर, आधी घर सांगा," असे म्हणत. ही भाषा त्यांना इतकी अंगवळणी पडली होती की घराचा पत्ताही ते तसाच देत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे निघालो तेव्हा फोनवर म्हणाले, "चौथी ओळ, दुसरं घर." चौथा मजला, दुसरा फ्लॅट.

चिखलोलीला ते जिथे राहत त्या इमारतीच्या जागी त्यांच्या घरची भातखाचरे होती. चुलत्यांनी बिल्डरला जमीन दिली आणि त्या बदल्यात घरातल्या प्रत्येकाला फ्लॅट मिळाला. स्टेशन होणार, फ्लॅट धरून ठेव, असे सगळे त्यांना सांगत. ते ऐकून घेत. खिडकीतून बोट दाखवून ते बांध कुठून कुठे जात होता ते सांगू शकत, आणि सांगताना त्यांच्या आवाजात काही फरक पडत नसे.

त्यांची दुसरी सवय कर्सरबाबत होती. त्यांच्या प्रत्येक प्रोग्रामची पहिली आज्ञा कर्सर लपवण्याची असे आणि शेवटची तो परत दाखवण्याची. मी कारण विचारले.

"लुकलुकणारी वस्तू दिसली की माणूस तिकडे बघतो. वाचायचं राहून जातं."

"पण मग पुढचं अक्षर कुठे येणार ते कसं कळणार?"

"ते मला कळलं की पुरे. पंगतीत ताट दिसावं. वाढणाऱ्याचा हात कशाला बघायचा?"

क्लास जिथे होता त्या माळ्याचे मालक सिंधी सेठ होते, खालचे दुकान त्यांचेच. क्लासमधली मुले कमी होत चालली तशी त्यांना काळजी वाटू लागली. ते जिना चढून येत आणि दारातूनच बोलत.

"सर, खिडकी का जमाना आला. माऊस घ्या, कलर घ्या. तुम्ही अजून पाटीवर बसलात."

"सेठ, खिडकीतून माणूस बाहेर बघतो. काम पाटीवर करतो."

"अरे साईं, पोरांना बाहेरच बघायचं आहे ना."

सेठचे बरोबर होते. दोन वर्षांत क्लास बंद झाला. शेवटच्या दिवशी सरांनी आठही पडदे एकेक करून बंद केले. बंद करण्याआधी प्रत्येकावर कर्सर परत दिसतो आहे का ते पाहिले. सेठने जिन्यात त्यांचा हात धरला. मी तिथे बातमीसाठी गेलो होतो. बातमी झाली नाही.

त्यानंतर ते अंबरनाथच्या कारखान्यांसाठी लहान प्रोग्राम लिहीत. रसायनांच्या एका कारखान्यात त्यांचा एक प्रोग्राम बॉयलरचे तापमान आणि दाब दाखवी. बारा आकडे, प्रत्येक आपल्या घरात, कधीही न हलणारा. पुढे कारखान्याने बाहेरून नवी व्यवस्था आणली. रंगीत तबकड्या, फिरणारे काटे. सरांचा जुना पडदा मात्र कोपऱ्यात चालूच राहिला. मी दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो असताना बॉयलरवरच्या कामगाराला कारण विचारले. तो म्हणाला, "नया वाला दिखने को अच्छा है. पर भोईर साहब का दरवाजे से देखो तो भी समझता है. आकडा पढ़ना नहीं पड़ता, जगह मालूम है."

मी हे सरांना सांगितले. त्यांना आनंद होईल असे वाटले होते. त्यांनी विचारले, "शंभरावरून नव्व्याण्णववर आलं की काय दिसतं, ते बघितलंत का?"

"नाही."

"मग काय बघितलंत?"

दोन दिवसांनी ते स्वतः जाऊन पाहून आले. नव्व्याण्णवच दिसत होते.

काळ्या पडद्यावर मराठी लिहिणे हा त्यांचा अनेक वर्षांचा उद्योग होता. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक घर. मराठीत 'कि' हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण यंत्र 'क' आणि वेलांटी अशी दोन मोजते. मोजणी चुकली की कर्सर भलत्या घरात जातो आणि आखलेल्या चौकटीची उजवी कड वाकडीतिकडी होते. सरांनी यावर काढलेला उपाय मेहनतीचा होता. ते यंत्राला मोजूच देत नसत. प्रत्येक अक्षरानंतर कर्सर उचलून पुढच्या अक्षराच्या घरात स्वतः नेऊन ठेवत. अक्षर किती तुकड्यांचे आहे याचा मग प्रश्न येत नसे.

तपासणीसाठी ते घरातलीच नावे वापरत. स्वतःचे नाव त्यांना अजिबात आवडत नसे.

"श्री, कृ, ष्ण. तीन घरं दिसतात, यंत्र नऊ तुकडे मोजतं. माझ्या नावानं चौकट फुटते. आणि हिचं बघा. कमल. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. तीन अक्षरं, तीन घरं. या बाईनं मला कधी त्रास दिला नाही."

कमलताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "यंत्राला दिला नाही म्हणतायत ते."

घरात बोलण्याचे काम कमलताईंकडे होते. त्या ब्लाउज शिवत आणि शिवताना येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. बदलापूरपर्यंतच्या गिऱ्हाइकांची मापे आणि घरगुती भांडणे दोन्ही त्यांना पाठ होती. सर वहीत घरे भरत बसत आणि अधूनमधून "हं" म्हणत. एकदा त्या मला म्हणाल्या, "यांच्या हं हं वरून मी ओळखते. पहिलं हं म्हणजे ऐकलं नाही. दुसरं हं म्हणजे आता ऐकतो."

आजार कात्रीपासून सुरू झाला. कात्री हातातून पडू लागली. मग सुईत दोरा जाईना. मज्जातंतूंचा आजार होता. स्नायू एकेक करून निकामी होतात, बुद्धी शाबूत राहते आणि उपाय नसतो. डॉक्टरांनी हे एकाच वाक्यात सांगितले, असे सर म्हणाले. दुसऱ्या वर्षी कमलताईंचे बोलणे अस्पष्ट झाले, नंतर थांबले. उजव्या हाताचे एक बोट हलत राहिले.

सरांनी त्या बोटासाठी प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मराठी अक्षरांचा तक्ता, स्वर, व्यंजने, काना-मात्रा, प्रत्येक आपल्या घरात. उजेडाचा एक पट्टा तक्त्यावरून आपोआप खाली सरकत जाई. हवी ती ओळ आली की कमलताई बोटाखालचे बटण दाबत. मग उजेड त्या ओळीत अक्षरामागून अक्षर पुढे सरके. हवे ते अक्षर आले की पुन्हा बटण. ते अक्षर पडद्याच्या सर्वांत खालच्या ओळीत जाऊन बसे. वाक्य संपले की 'पूर्ण' नावाचे एक घर होते, ते निवडले की यंत्र वाजे. 'पूर्ण' निवडण्याचा कमलताई बहुधा कंटाळा करत. वाक्य समोर दिसतच असे.

मी त्यावर एक छोटी बातमी केली. त्यासाठी गेलो तेव्हा सर एक गोष्ट कौतुकाने सांगत होते. प्रत्येक काना-मात्रेला दोन जादा दाबण्या लागत, म्हणून कमलताईंनी आदरार्थी बोलणे सोडून दिले होते. 'बसा' ऐवजी 'बस'. 'जेवा' ऐवजी 'जेव'.

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली. पहिल्यांदा अरे-तुरे करतेय मला," सर म्हणाले. "बरं वाटतं."

उजेड सरकू लागला. आम्ही वाट पाहत राहिलो. खालच्या ओळीत अक्षरे आली: 'पन्नासदा पुसतो'. थोड्या वेळाने ओळ कोरी झाली आणि दुसरी आली: 'मला पण पुसेल'.

"बघा," सर म्हणाले. "वाचा गेली, टोमणे राहिले."

कमलताईंच्या चेहऱ्यावर फारसे काही हलत नव्हते. तरी त्या हसत होत्या हे कळत होते.

सुरुवातीला प्रोग्राम प्रत्येक वाक्य एका फाईलमध्ये नोंदवून ठेवी. कमलताईंनी तीन दिवसांत ते बंद करायला लावले. त्यांनी लिहिले होते, 'बोलणं आहे. दप्तर नाही.' सरांनी नोंद काढून टाकली. बोटातला जोर कमी होत गेला तसा ते उजेडाचा वेग कमी करत गेले. एक पाऊल आधी सेकंदाभराचे होते, मग दोन सेकंदांचे, मग तीन. त्या मध्येच दमून झोपी जात, म्हणून दहा मिनिटे बटण दाबले गेले नाही की उजेड थांबेल, आणि पुन्हा दाबले की चालू होईल, अशीही सोय त्यांनी नंतर जोडली.

पावसाळ्यानंतर श्वास अपुरा पडू लागला. रुग्णालयात सांगितले की घशाला छेद देऊन श्वासाची नळी बसवता येईल. बसवली तर काही काळ मिळेल, किती ते सांगता येत नाही. पण मग यंत्रावरच राहावे लागेल. पेशंटला विचारा आणि कळवा. सरांनी कमलताईंना दोन्ही बाजू सांगितल्या. सांगताना वहीत लिहून काढल्या होत्या, एका पानावर दोन रकाने. "घाई नाही," असे शेवटी म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी ते औषधे आणायला अंबरनाथला गेले. घरी कविता होती, दिवसभर कमलताईंजवळ थांबणारी बाई. ती स्वयंपाकघरात पेज करत होती. सर परतले तेव्हा पडद्याच्या खालच्या ओळीत लिहिलेले होते: 'नळी नको'.

कमलताईंचे डोळे मिटलेले होते. सर खुर्ची ओढून बसले. "कमल, हे नक्की?" असे त्यांनी विचारले. कमलताईंनी डोळे उघडले, सरांकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. पापण्या मिटणे म्हणजे हो, अशी त्यांची खूण होती. दमून मिटल्या तरी पापण्या तशाच मिटतात, पण तेव्हा तो विचार कोणी केला नाही. सरांनी रुग्णालयात कळवले. त्याच रात्री कमलताईंना ताप भरला आणि त्यानंतर त्यांनी बटण दाबले नाही. आठवड्याच्या आत त्या गेल्या.

सरांनी बटण काढून कपाटात ठेवले. भेटायला येणाऱ्यांना ते म्हणत, "तिनं स्वतः सांगितलं. माझ्यावर सोडलं नाही, हे तिचे उपकारच." या वाक्यावर ते चार महिने उभे होते. मी ते त्यांच्या तोंडून तीनदा ऐकले, तिन्ही वेळा शब्द तेच होते.

मग माझ्या जुन्या बातमीचे कात्रण वाचून वांगणीहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या सासूबाईंना तोच आजार होता. तो प्रोग्राम मिळेल का, असे त्या विचारत होत्या. मी सरांना निरोप दिला. "देतो. एकदा तपासून घेतो," ते म्हणाले.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. "या. एक दाखवायचंय."

मी चिखलोलीला गेलो. समोरच्या प्लॉटवर पायाचे खांब ठोकण्याचे काम चालू होते, ठोका पडला की खिडकीची काच थरथरे. सरांनी यंत्र चालू करून ठेवले होते. मला शेजारी बसवले आणि स्वतः बटण हातात घेतले. उजेड सरकू लागला. त्यांनी एकेक अक्षर निवडले. खालच्या ओळीत आले: 'चहा नको'.

"त्या दिवशी सकाळी तिनं हे लिहिलं होतं. मला आठवतं, कारण केलेला चहा मी ओतून दिला."

त्यांनी बटण खाली ठेवले.

"आता दहा मिनिटं थांबायचं."

आम्ही थांबलो. मी एकदा काहीतरी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी हातानेच थांबवले. खांबाचे ठोके पडत होते. दहा मिनिटांनी उजेड आपोआप थांबला. सरांनी बटण उचलून दाबले. उजेड पुन्हा चालू झाला. त्यांनी 'न' निवडला. मग 'ळ'. मग वेलांटी. त्यानंतर बटण टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

खालच्या ओळीत होते: 'नळी नको'.

त्यांनी तीनच वेळा अक्षर निवडले होते. 'चहा'च्या दोन घरांवर 'नळी' बसली होती. 'नको' सकाळचे होते.

"नेहमीच्या वाटेनं नवीन वाक्य सुरू झालं की ओळ पुसली जाते," सर म्हणाले. "ही झोपेची सोय नंतर जोडली. त्या वाटेवर कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, पण पुसायची आज्ञा घालायची राहिली."

मी म्हणालो की कमलताईंनी पूर्ण 'नळी नको' लिहिलेले असू शकते. तसेही हेच दिसले असते.

"असू शकतं. किंवा 'नळी' लिहिलं आणि दमली. पुढे 'घाल' लिहायचं असेल. 'बसव' लिहायचं असेल. 'नको'सुद्धा लिहायचं असेल. पडद्यावर एकच दिसणार."

"कळायला काहीच मार्ग नाही?"

"होता. कर्सर. ती 'नळी'वर थांबली असती तर कर्सर तिसऱ्या घरात उभा असता. सगळं लिहिलं असतं तर सहाव्या. मी आलो तेव्हा तो कुठेतरी उभा होताच, पत्रकार. एक नजर टाकली असती की कळलं असतं."

मग म्हणाले, "मी तो लपवला होता."

खांबाचा ठोका पडला. काच थरथरली.

"तुमच्या धंद्यात असलं काही आलं तर काय करता?"

"अपुष्ट म्हणतो. दुसरीकडून खात्री होईपर्यंत छापत नाही."

"दुसरीकडून म्हणजे मला पापणी मिळाली," ते म्हणाले. "मी छापली."

त्यांना कोणी दोष दिला नव्हता, देणारही नव्हते. मुलीला त्यांनी सांगितले का, मला माहीत नाही. 'तिनं स्वतः सांगितलं' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही. वही ते जवळ ठेवत, पण पुढच्या भेटींत तिची पाने कोरी दिसली.

वांगणीला प्रोग्राम बसवायला जाताना त्यांनी मला सोबत नेले. घर शेतकऱ्याचे, स्टेशनपासून वीस मिनिटांवर, अंगणात पेंढ्याची गंजी. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या, उशांना टेकवून बसवलेल्या. सून सविता सरांना प्रत्येक वस्तूसाठी विचारत होती, "हितं ठेवू का? उजेड येतोय का तोंडावर?" सरांनी प्रोग्राम बदलला होता. वाक्य झाले की यंत्र ते पुन्हा पूर्ण दाखवून 'हेच म्हणायचं आहे?' असे विचारी आणि हो निवडल्याशिवाय पुढे जात नसे. शिवाय खालच्या ओळीत, शेवटच्या अक्षराच्या पुढे, कर्सर लुकलुकत होता. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला.

आजींना तासभर शिकवल्यावर त्यांनी पहिले अक्षर निवडले. च. मग ह. मग काना.

"आईंना चहा पायजे," सविता म्हणाली आणि उठली. "टाकते मी."

"थांबा," सर म्हणाले.

"चहाच म्हणतायत ना त्या?"

"अजून पूर्ण झालेलं नाही. बसा."

सविता बसली. कर्सर 'चहा'च्या पुढे लुकलुकत होता. उजेड तक्त्यावरून खाली गेला, परत वर आला, पुन्हा खाली गेला. आजींचे बोट हलले नाही. सविताने माझ्याकडे पाहिले. सर पडद्याकडे पाहत होते. उजेडाने तक्त्याच्या पाच फेऱ्या केल्या. सहाव्या फेरीत बोट हलले. एक घर मोकळे सुटले. मग 'स' आला. बऱ्याच वेळाने 'रां'. मग 'ना'. मग आजींनी 'पूर्ण' निवडले आणि यंत्र वाजले. हेच म्हणायचं आहे? हो.

ओळीत होते: 'चहा सरांना'.

सविता हसत आत गेली. सरांनी ओळ दोनदा वाचली. मग आजींकडे वळून म्हणाले, "घेतो. द्या." चहा आला तो त्यांनी सगळा प्यायला.

मला बदलापूरला एका सभेला पोहोचायचे होते. मी निघूया म्हणालो. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले, "मी एक बघून येतो." अंगणातून मी मागे वळून पाहिले. आजींचा डोळा लागला होता. वाक्य पुसले गेले होते, पडद्याची खालची ओळ काळी होती आणि तिच्या पहिल्या घरात कर्सर लुकलुकत होता. सर पडद्यासमोर वाकून उभे होते. त्यांनी ओळीच्या सुरुवातीला काचेवर बोट टेकवले आणि एकेक घर तपासत ते उजवीकडे सरकवत नेले. शेवटपर्यंत काही नव्हते. बोट ऐंशीव्या घरापर्यंत गेले. मग त्यांनी ते उचलले आणि पुन्हा पहिल्या घरावर ठेवले.